खंडेनवमीची चांदी

माझ्या अकलेचे तारे कुठे कुठे तुटले हे सांगत बसलो ना, तर तुमचा चहा गार होईल. म्हणून एकच सांगतो. सगळ्यात मोठा!

एमएस्सीचं शेवटचं वर्ष. माझा प्रोजेक्ट काय, तर चांदीचे नॅनोकण बनवायचे. चांदीचे कण इतके बारीक झाले, की द्रावण पिवळं दिसतं. हो, चांदी आणि पिवळी! पण माझं द्रावण? एकतर पाण्यासारखं, नाहीतर गटारासारखं काळं. शेवटी माझ्या गाईड मॅडमनी बजावलं, "दसऱ्याच्या सुट्टीनंतर पिवळं दाखवा, नाहीतर विषय बदला." म्हणजे वर्ष गेलंच की हो!

खंडेनवमीला लॅबमध्ये पूजा होती. यंत्रांना झेंडूच्या माळा, तराजूला फूल. माझी जोडीदार प्रणाली बेलापूर गावातली, ती हळदीची पुडी घेऊन आलेली.

"तुज्या चंबूला पन लाव रं, त्यालाच जास्त गरज हाय!"

मी भक्तिभावाने चंबूच्या गळ्याला हळदीची बोटं ओढली. बाहेरून. आणि आतूनही, देवाला कळायला नको?

सुट्टी संपली. प्रणाली म्हणाली, "चंबू धुऊन घे आदी."

"पूजेची हळद धुतात का कधी? अपशकुन होईल!"

हे कोण बोलतंय? ज्युनिअर्सना 'धुळीचा कणसुद्धा चालत नाही' म्हणून झापणारा मी!

अल्कोहोल ओतलं, चांदीचा क्षार टाकला, ढवळलं. पिवळं! लख्ख पिवळं! रंग मोजायच्या यंत्रात घातलं, तर आलेखावर पाहिजे तिथेच टेकाड!

मी आईला फोन केला. तिने सीवूड्सच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'आमच्या मुलाने चांदी बनवली.' दोघांनी लगेच भाव विचारला. इकडे विभागप्रमुख आले, वाशीहून पेढे आले. मॅडमच्या डोळ्यांत चक्क पाणी! "आपण पेपर पाठवू," म्हणाल्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

त्याच भरात माझ्या हातून द्रावण मॅडमच्या पांढऱ्या एप्रनवर सांडलं. "असू दे, धुते," म्हणत त्यांनी बेसिनवरचा साबण चोळला.

डाग लालभडक!

हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला घरूनच ठाऊक होतं.

"तरी बोलली व्हती मी, धू म्हनून!" प्रणाली पुटपुटली.

मॅडमनी चंबूत साबणाचं पाणी सोडलं. अख्खा चंबू लाल.

"यात चांदीचे कण किती?"

"बहुतेक... नसावेत, मॅडम."

त्यांनी पेढ्यांचा डबा शांतपणे बंद केला.

"उद्यापासून विषय बदला. आणि अभिनंदन बरं का! आपल्या आज्या हळदीत चुना घालून जे घरच्या घरी करायच्या, ते कुंकू तुम्ही विद्यापीठाच्या खर्चाने शोधून काढलंत!"