“ठिकाणावर आली का, अक्का?”

आयसीयूत काम केलेल्या नर्सकडं किस्सा मागू नका. एक मागाल तर चहा गार होईपर्यंत दहा ऐकावे लागतील! आत असताना आम्हाला हसायला सवड नसायची. माणूस बरा होऊन घरी गेला, की मग त्याचाच किस्सा व्हायचा. जे घरी गेले नाहीत त्यांचे किस्से होत नाहीत. ते आम्ही मनातच ठेवतो.

बीदरला स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हाचे हे दिवस. व्हेंटिलेटरवरचा माणूस नळी निघाल्यावर शुद्धीवर यायचा, पण ताळ्यावर यायचा नाही. ताप, झोपेची औषधं, कमी पडलेला ऑक्सिजन, या सगळ्यात फुप्फुसाबरोबर डोकंही मार खायचं. माणूस बरळायचा, घरच्यांना ओळखायचा नाही. बहुतेकांचं पुढं नीट व्हायचं. कुणाचं होणार नाही, हे मात्र आधी सांगता येत नसे.

मंठाळचे मल्लप्पा आयसीयूच्या दाराशी घोंगडी टाकून बसलेले असत. वाडवडील मेंढरं राखायचे, हे शेती करायचे. बायको, काशीबाई, आत होती. तिची छाती सुधारत होती, पण डोकं कुठल्या कुठं भटकत होतं. मी बाहेर आले की मल्लप्पांचा एकच प्रश्न, “अक्का, माझी ठिकाणावर आली का?”

“येतील हो,” असं म्हणून मी त्यांना धीर द्यायला एखादा किस्सा सांगायचे.

*

पहिला हुमनाबादकडच्या कंडक्टरचा. नळी निघाल्यावर त्यांनी आमच्या आयसीयूची एसटी करून टाकली! डॉक्टर राऊंडला आले, तर हे ओरडले, “मधी कामून उभारलाव? मागं सरका!”

डॉक्टर सरकले.

“तिकीट?”

डॉक्टरांनी गळ्यातलं ओळखपत्र पुढं केलं. “पास आहे.”

कंडक्टरांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, “बसा.”

पुढं एका सकाळी ते शांतपणे इकडंतिकडं बघत मला म्हणाले, “सिस्टर, हे दवाखाना हाय न्हवं?”

“कशावरून ओळखलंत?”

“एवढी माणसं हायत, आन् खिडकीपाशी बसाय कुणी भांडंना झालंय!”

*

दुसरे खटकचिंचोळीचे दुकानदार शिवण्णा. देवाधर्माचं कन्नडात, बाजारात दखनी उर्दू आणि घरातलं भांडण मराठीत, अशी त्यांची वाटणी. शुद्धीवर आले ते कन्नड घेऊन. पाणी मागायचं तरी “नीरु, नीरु”. मग शेजारच्या खाटेवरच्या चाचांशी दखनीत बोलू लागले. मराठीत काही विचारलं की नुसते बघत बसायचे.

मुलगा म्हणाला, “दोन भाषा आल्या, तिसरी पण येईल.” बायकोच्या जिवाला काही चैन पडेना. “मराठी आल्याबिगर मी न्हाई मानायची,” म्हणाली.

मग एकदा तिनं चहा पाजला. शिवण्णांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि खणखणीत मराठीत म्हणाले, “अक्कल हाय का तुला? साखर कुठाय ह्याच्यात?”

बाईनं तिथंच हात जोडले. “आला गं बाई, माझा माणूस आला!”

*

काहींचं डोकं ठीक असायचं, पण हातापायांतली ताकद जायची. हैदराबादला सेंट्रिंगचं काम करणारा दत्तू असाच. एरवी लोखंडी प्लेटा उचलणारा गडी, पण चमचा उचलताना हात थरथरायचा. व्यायाम शिकवणाऱ्या सरांनी रबरी चेंडू दाबायला दिला, तो त्याच्या बोटांतून घरंगळला. दत्तू भिंतीकडं तोंड करून रडला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई डब्यात ज्वारीचं मळलेलं पीठ घेऊन आली. “थाप,” म्हणाली.

“मी बाप्या माणूस भाकरी थापू व्हय?”

“चेंडू दाबतूस, मग पीठ दाबाय काय झालं?”

पहिली भाकरी कुठल्या देशाचा नकाशा होती कोण जाणे! आईनं ती घरी नेऊन भाजली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. मला हुंदका आवरला नाही, खोटं कशाला बोलू.

नंतर तपासणीला आला तेव्हा दत्तू चांगलाच चालत होता. त्याच्या बायकोनं मला हळूच बाजूला घेतलं. “अक्का, आता घरी भाकरी हेच थापत्यात. पार बरं झालाव म्हणून एवढ्यात सांगू नका!”

*

हे ऐकून मल्लप्पा हसायचे, डोळे पुसायचे आणि परत विचारायचे, “पर माझी?”

त्यांची काशीबाई तर भर दुपारी ओरडायची, “मल्लप्पा! ए मल्लप्पा! मेंढरं शिरली की रं बाजरीत!”

भेटायला आलेली नणंद कपाळावर हात मारून घ्यायची. “देवा, नवऱ्याचं नाव घेऊन बोंबलायलीय! वैनीचं डोस्कं गेलंच की!” मल्लप्पा दाराच्या काचेला कपाळ टेकवून ऐकत राहायचे.

आमचे डॉक्टर बेंगळूरचे, नुकतेच आलेले. त्यांची बायको त्यांना फोनवर नावानंच हाक मारायची. त्यांना उलट बरं वाटलं. “नाव आठवतंय, चांगलं आहे!”

मग ओरडणं थांबलं. काशीबाई उशीला टेकून बसल्या. डॉक्टरांनी विचारलं, “तुमचं नाव?”

“काशीबाई.”

“गाव?”

“मंठाळ.”

“नवऱ्याचं नाव?”

काशीबाई गप्प. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. काशीबाईंनी पांघरायची चादर डोक्यावर ओढली आणि मान खाली घातली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “परवापर्यंत सांगत होत्या! सिस्टर, पुन्हा स्कॅन करावा लागेल.”

एवढ्यात दारातून मल्लप्पा ओरडले, “आली! अक्का, माझी काशी ठिकाणावर आली!” आणि घोंगडीत तोंड खुपसून ढसाढसा रडू लागले. माझेही डोळे भरले. डॉक्टर बिचारे एकदा त्यांच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिले.

“स्कॅन राहू द्या, सर,” मी म्हणाले. “घरी सोडायचं बघा.”

निघायच्या दिवशी काशीबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं. मल्लप्पांनी आजूबाजूला बघितलं, खाली वाकले आणि अगदी हळू म्हणाले, “काशे, एकडाव नाव घे की गं पुन्हा.”

काशीबाईंनी पदर सारखा केला आणि माझ्याकडं वळल्या.

“अक्का, माझी खाट रिकामी हाय न्हवं? ह्यांना निजवा तिच्यावर!”