डॉक्टरकडे जाण्याआधीची गोळी

डॉक्टरकडे जायच्या दिवशी बाबांची गुळगुळीत दाढी होते, प्रेस केलेला शर्ट निघतो, आणि आई संध्याकाळची गोळी त्यांना लवकर देऊन टाकते. पलासियाच्या ट्रॅफिकमधून क्लिनिकला पोचेपर्यंत ती लागू पडलेली असते. बाबा ताठ चालत आत जातात. डॉक्टर म्हणतात, "बढ़िया." आई म्हणते, "सब आपके हाथ का यश है, डॉक्टरसाहब." मी कोपऱ्यात बॅग मांडीवर घेऊन बसते.

पार्किन्सन्समध्ये हात थरथरतात हे लोकांना माहीत असतं. दुखतं, हे कोणी सांगत नाही. गोळीचा असर उतरला की बाबांच्या डाव्या पायाची बोटं आत वळतात, पोटरी दगड होते. ते उशीचा कोपरा दातांत धरतात. आई तेल चोळते आणि त्याला संधिवात म्हणते.

"डॉक्टरांना सांग ना," मी तिला म्हटलं होतं.

"पाय दुखतो हे काय सांगायचं? आणि असा अवतार घेऊन जायचं का त्यांच्यासमोर? बँकेत मॅनेजर होते ते."

मागच्या थंडीत आई मावशीकडे देवासला गेलेली, म्हणून बाबांना मी नेलं. गोळी आधी देणार नाही, तिच्या वेळेलाच देईन, असं त्यांना सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले.

क्लिनिकमध्ये नंबर लांबला. समोरच्या बाकावर त्यांच्या बँकेतला जुना क्लार्क निघाला. "अरे साहब, आप? पहचाना?" तोवर बाबांचा पाय वळायला लागला होता. त्यांना हात वर करता आला नाही, बोलताही आलं नाही. तो माणूस थोडा वेळ हसत राहिला, मग मोबाइल बघू लागला.

आत डॉक्टरांनी स्वतः वाकून बूट काढला. "ये कब से हो रहा है?"

बाबा बुटाकडे बघत राहिले. रिक्षावाल्याला थांबवतानाही माझा आवाज निघत नाही, पण तेव्हा मी बोलले, "सर, दो साल से. आप इन्हें हमेशा गोली के बाद देखते हैं."

तो संधिवात नव्हता. एका गोळीचा असर संपून दुसरीचा सुरू होईपर्यंतच्या वेळेतलं ते दुखणं होतं. डॉक्टरांनी दोन गोळ्यांमधलं अंतर कमी केलं, पायाचे व्यायाम दिले. काही दिवसांनी बाबा उशी डोक्याखाली घेऊन झोपायला लागले.

पण त्या दिवशी परतताना ऑटोत ते म्हणाले, "त्या क्लार्कसमोर तमाशा केलास माझा."

"बाबा, दुखणं कमी होईल आता."

"दुखत होतं ते माझं होतं."

आता या महिन्यात पाय पुन्हा वळायला लागलाय. काल डॉक्टरकडे जायचं होतं. आईने शर्ट काढला, गोळी काढली. मी म्हटलं, "आई, आत्ता नको देऊस." तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी हात पुढे केला.

"पैर का दर्द कैसा है?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिल्कुल नहीं," बाबा म्हणाले.

"बढ़िया. यही चलने दो."

आईने यश पुन्हा डॉक्टरांच्या हाताला दिलं. परतताना सिग्नलला ऑटो थांबली तेव्हा बाबांच्या डाव्या बुटाचं चामडं वळणाऱ्या बोटांनी आतून फुगताना दिसलं. ते रस्त्यावरच्या दुकानांकडे बघत होते. मी दुसऱ्या बाजूला तोंड फिरवलं.