पाणी कमी, मासे जास्त

त्या दिवसांत माझं काम एकच होतं. पुलाच्या खांबावरच्या पट्टीवर नदीचं पाणी किती, तो आकडा एका रकान्यात लिहायचा. आमच्या जाळ्यात मासे किती आले, तो दुसऱ्यात. दोन्ही जोडून धरणाच्या हापिसातल्या साहेबांले आलेख काढून द्यायचा. फुलसावंगीकडची माणसं विचारत, "बावा, हे जोडून काय होते?" मी म्हणे, "नदीले काय पाहिजे ते समजते." मले खरंच तसं वाटत होतं.

झालं भलतंच. पावसाळ्यात नदी अशी फुगे की जाळ्यात काडीकचरा आणि कोणाची तरी चप्पल. उन्हाळ्यात धार तुटली की सारे मासे एका डोहात दाटीनं येऊन बसत. मंग जाळं उचलता उचलत नसे. संगणकाले डोह काय ठाऊक. त्यानं सरळ रेघ मारली: पाणी जसं कमी, तसे मासे जास्त.

साहेब इतके खूश झाले की त्यांनी आलुबोंडे मागवले. म्हणाले, "मंग उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडतो कायले आपण?"

माझं डोकंच फिरलं. त्या एका वेळच्या पाण्यावर डोह पावसापर्यंत जगे, आणि डोहावर आमच्या शेजारची काकू. नवरा गेल्यापासून जाळं तीच टाके. मी म्हटलं, "साहेब, बाजाराच्या दिवशी काळीपिवळी जीप खच्चून भरते, म्हणून काय गावात माणसं वाढली?"

"काळीपिवळीचे आकडे आहेत का तुझ्याजवळ?"

नव्हते. पाणी सुटलं नाही.

भर उन्हाळ्यात गेलो तर डोह अंगणाएवढा राहिलेला. माशांच्या पाठी उघड्या पडलेल्या. जाळ्याची गरजच नव्हती, टोपल्यानं उपसले. एवढे मासे आम्ही कधी मोजले नव्हते. साहेबांनी फोनवर माझं अभिनंदन केलं. काकू भरलेलं टोपलं घेऊन चिखलात उभी होती, तोंड उतरलेलं. म्हणाली, "नाही नेले तरी उद्या मरतेत. यात अंडी घालणारे, बियाचेबी गेले रे बावा." मी खाली मान घालून मोजत राह्यलो.

मंग पाऊस आला, नदी काठोकाठ भरली. आम्ही दिवसभर जाळं टाकलं. एक मासा नाही. काकू खुरपं घेऊन कोणाच्या तरी वावरात निंदायले चालली होती. पुलावरून तिनं विचारलं, "गावलं का काही?" मी मान हलवली. ती थांबलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा साहेबांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पाहा. पाणी भरपूर, मासे शून्य. मी म्हणतच होतो."