सात खाली, सात वर

परवा माझ्या लॅपटॉपनं स्वतःहून नवा कर्नल अंगावर चढवला आणि त्यानंतर चालू व्हायलाच तयार होईना. काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी: डिस्क सापडत नाही, आता तुम्हीच बघा. कर्नल म्हणजे यंत्राच्या कारभाराचा गाभा; तो उठला तर बाकीचे उठणार. मी यादीतून जुना कर्नल निवडला, दोन मिनिटांत गडी सुरू झाला. नंतरचा अर्धा तास मात्र मी त्या चालू पडद्यासमोर नुसता बसून राहिलो.

कारण हाच घोटाळा मी एकदा निस्तरलाय, आणि तेव्हा बिघडलेलं यंत्र हैदराबादला होतं नि मी वसमतच्या पोस्टात उभा होतो. हे सांगितलं की लोक हसतात. म्हणतात, तुमचं आपलं नेहमीचं. मान्य आहे. माझ्या तोंडी शेळीची म्हैस होते आणि म्हैस दारात मावत नाही. पण या गोष्टीला एक साक्षीदार होती.

सत्तरचं दशक. हैदराबादच्या एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटर बसवला होता आणि वसमतजवळच्या शिरड शहापूरकडचा मी त्या कॉम्प्युटरचा ऑपरेटर होतो. यंत्र एवढं लांब की झाडणारी बाई एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा धूळ बसायची. खोली अशी गार की आम्ही मे महिन्यात स्वेटर घालून कामाला जायचो आणि बसस्टॉपवरचे लोक आम्हाला दवाखान्यातून पळून आलेले समजायचे.

आजच्या कर्नलला आम्ही मॉनिटर म्हणायचो. तो चुंबकी फितीवर असायचा. पण फितीवरून त्याला उचलून आणायला आधी कुणीतरी लागतोच ना? त्यासाठी चौदा ओळींचा एक छोटा प्रोग्राम, त्याला आम्ही हाकाऱ्या म्हणायचो. यंत्राच्या तोंडावर सोळा खटके होते, वर केला तर एक, खाली केला तर शून्य. अशा चौदा ओळी हातानं भरल्या की हाकाऱ्या तयार. त्या यंत्रांची स्मरणशक्ती लोखंडी कड्यांची, वीज गेली तरी विसरायची नाही. त्यामुळं हाकाऱ्या एकदा भरला की महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून राहायचा. सकाळी बटण दाबलं की हाक मारायचा, मॉनिटर यायचा, काम सुरू.

नवा मॉनिटर उभा करायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे झालं की रजा. आणि रजेसाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण बायको गावी आणि मी हैदराबादला चार जणांच्या खोलीत. त्या खोलीत पाय लांब करायचा तर तिघांची परवानगी घ्यावी लागायची, तिथं तिला कुठं आणणार? दोन वर्षांत आम्ही एकत्र काढलेले दिवस एका महिन्याच्या कॅलेंडरात सहज मावले असते. पत्र लिहावं तर ते आधी घरातले सगळे वाचणार. म्हणून मी लिहायचो, 'इकडे हवा चांगली आहे,' आणि ती लिहायची, 'इकडेही चांगली आहे.' हवेवर एवढा पत्रव्यवहार हवामान खात्यानंही केला नसेल.

शेवटी नवा मॉनिटर उभा राहिला. मी एकदा चालवून पाहिला, झकास चालला. नियम असा की बंद करून पुन्हा चालू करायचं, तेही तीनदा. पण काचीगुड्याहून गाडी सुटायला तासाभराचा अवकाश होता. मी नियम खुंटीला टांगला, पेटी उचलली आणि पळालो.

ती मीटर गेजची गाडी अशी चालायची की इंजिनाजवळच्या डब्यातून उतरावं, बोरं तोडावीत आणि शेवटच्या डब्यात चढावं. पण पोचलो. आठ दिवसांची रजा. घरी हळद शिजवण्याचा हंगाम होता, अंगणात कढया, वाफ, आणि तिचे हात कोपरापर्यंत पिवळे.

माझं डोकं मात्र अजून त्या गार खोलीतच होतं. नव्या मॉनिटरच्या कामात महिनाभर चौदा ओळी घोकल्या होत्या, त्या तोंडातून जाईनात. अंघोळ करताना, भाकरी मोडताना, आपलं चालूच, वर खाली, वर वर खाली. दुसऱ्या दिवशी ती हळदीच्या ढिगामागून म्हणाली, "आवो, आठ दिसासाठी आलाव ना? मंग माझ्याशी बोला की. हे काहून बडबड करून राहिले?"

"पाढे आहेत मशीनचे."

"मला बी पाठ झाले आता ते. तुमी न्हाई बोलले तरी ढेकरीसंगं येऊन राहिलेत."

तिसऱ्या दिवशी सकाळी तार आली. यंत्र चालू होत नाही, ताबडतोब परत या.

तिनं तार हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली आणि परत दिली. तिच्या अंगठ्याचा पिवळा ठसा कागदावर तसाच उमटला. मग ती आत जाऊन माझे कपडे बांधायला लागली. पाच दिवस उरले होते आणि ते पाचही त्या गाठोड्यात जाताना मला दिसत होते.

मी म्हटलं, वसमतला जाऊन आधी ट्रंक कॉल लावतो. फोनवरच यंत्र सुरू करता आलं तर माघारी येतो, नाही तर तिथूनच संध्याकाळची गाडी धरतो. आई म्हणाली, "मंग तिला बी संगं ने. जायाची येळ आलीच तर गाडीत तरी बशिवल." म्हातारीला सगळं कळत होतं. एसटीत आम्ही शेजारी बसलो, मांडीवर गाठोडं, त्यात दोन दिवसांच्या भाकरी. तेवढाच एसटीतला तास आम्हाला दोघांना मिळाला, आणि तोही मी हाकाऱ्याचा विचार करण्यात घालवला.

ट्रंक कॉल म्हणजे नंबर लावायचा आणि बसायचं. आम्ही सकाळी लावला, दुपार कलली तेव्हा लागला. तोवर पोस्टातल्या बाकावर माझ्या डोळ्यांदेखत दोन माणसं म्हातारी झाली. हैदराबादचा आवाज असा यायचा की कुणी विहिरीत पडलाय आणि वरून घोंगडी टाकलीय. शेवटी मधल्या परभणी एक्स्चेंजवरच्या बाईच बोलल्या, "तुम्हाला ऐकू येत नाही ना त्यांचं? मला दोन्हीकडचं येतंय. मी सांगते, तुम्ही बोला."

पलीकडे माझा खोलीतला सोबती होता, कचेरीतलाच ऑपरेटर, अस्सल हैदराबादी. मी ओरडलो, "दिवे कोणते लागलेत?" मी इतका ओरडत होतो की त्यानं फोन ठेवून खिडकी उघडली असती तरी चाललं असतं.

बाई म्हणाल्या, "ते म्हणतात, एक बी नै जलरा भाई."

"फीत पुसली का?"

"म्हणतात, तीन दफे. अब घिस जाती बोलतेत."

"मग जुना मॉनिटर लावा. जुनी फीत."

थोडा वेळ नुसती खरखर. मग बाई म्हणाल्या, "जुनाही येत नाही म्हणतात."

 नवा येत नाही हे समजण्यासारखं आहे. पण काल-परवापर्यंत धडधाकट असलेला जुनाही येत नसेल, तर दोष दोघांचाही नाही. हाक मारणाराच गेला! आणि तो कुणी घालवला हेही मला त्याच क्षणी कळलं. नवा मॉनिटर अंगानं मोठा. तो ऐसपैस बसला आणि पाय पसरून त्यानं कोपऱ्यातल्या हाकाऱ्याला चिरडलं. पहिल्यांदा चाललं, कारण हाकाऱ्याचं काम तोवर झालं होतं. दुसऱ्यांदा हाक मारायला कुणी उरलंच नाही. मी एकदाच बंद करून चालू केलं असतं तरी कळलं असतं. पण मला गाडी धरायची होती.

"बाई," मी म्हटलं, "मी चौदा ओळी सांगतो. प्रत्येक ओळीत सोळा खटके. वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली. त्याला म्हणावं भर, आणि कागदावर लिहूनही घे."

"सांगा."

मी सुरू केलं. "खाली खाली खाली वर वर वर खाली वर..." बाई ते जसंच्या तसं पुढं ओतत होत्या, एक खटका चुकला नाही. पोस्टमास्तरांनी शिक्का मारणं थांबवलं. रांगेतला एकजण दुसऱ्याला विचारत होता, "काय चढवून राहिलेत हो?" दुसरा म्हणाला, "मोटर असंल हिरीतली." दारात ती उभी, पदर डोक्यावर, गाठोडं कवटाळून.

सहावी ओळ संपली आणि बाई मधेच म्हणाल्या, "वेळ संपली, वाढवून देऊ का?"

"द्या, द्या," मी म्हटलं. आणि सातवी ओळ गेली. साफ गेली. महिनाभर घोकलेली, ढेकरीबरोबर येणारी ओळ, डोक्यात नुसती वाफ. मी पहिल्यापासून मनात म्हणून पाहिलं, सहावीशी येऊन पुन्हा थांबलो. पलीकडून खरखर. बाई म्हणत होत्या, "हॅलो? सातवी सांगा. हॅलो?" मी दाराकडे पाहिलं. म्हणजे तिच्याकडे नाही, गाठोड्याकडे. मनातल्या मनात मी गाडीत बसलोही होतो.

तेव्हा ती बोलली.

आजच्या लेकींना यातलं काय कळणार! वसमतचं पोस्ट, निम्मी रांग आमच्या आसपासच्या गावांची, सासऱ्याला ओळखणारी. अशा जागी सून मोठ्यानं बोलत नसते. तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि पाढा म्हणावा तशी म्हणाली, "एक वर. सात खाली. सात वर. शेवटचा खाली."

 मी ते तसंच फोनमध्ये म्हटलं. मग आठवी आपोआप आली, नववी आली, चौदावी आली. बाईंनी पुढं पोचवली. मग खरखर, लांबलचक. आणि मग बाईच ओरडल्या, "लागले हो! दिवे लागले! चालू हो गई म्हणतात!"

साहेब फोनवर आले. मी सांगितलं, उष्म्यानं यंत्राची स्मृती सरकली असावी. आज कबूल करून टाकतो, तसलं काही नसतं. आता रोज सकाळी त्या चौदा ओळी भरल्या की काम चालेल, कागद सोबत्याकडे आहे, कायमचा इलाज मी आल्यावर करतो. बाईंनी साहेबांचा निरोप दिला, "रजा पुरी करा म्हणतात." आणि खालच्या आवाजात, त्यांच्या स्वतःच्या, विचारलं, "मघाशी तिकडं कोण बोललं?"

"घरचीच मंडळी."

"मग तुम्ही राहा गावाकडं. त्यांना पाठवा हैदराबादला."

एसटीत परत येताना भाकरी आम्हीच खाल्ल्या. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझं लई चुकलं का हो?"

"तू नसतीस तर आता मी पूर्णेला गाडी बदलत असतो."

"ती सातवी वळ हाय तरी काय?"

मी सांगितलं. फितीवरून अक्षर यायला वेळ लागतो. हाकाऱ्या बघतो, आलं का? आलं नसेल तर सातवी ओळ त्याला एक पाऊल मागं पाठवते. पुन्हा बघ, आलं का? नाही? पुन्हा मागं. येईपर्यंत एवढंच.

ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. शिरड शहापूर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "त्याला मशीन कशाला लागतंय? म्या दोन वर्सं तेच करून राहिले की. एसटी आली, बघायचं. न्हाई? मंग घरात. दुसरी आली, परत बघायचं."

ते पाच दिवस. त्यांचं मात्र मला काही वाढवून सांगता येत नाही. आम्ही हळद उपसली, वाळत घातली. माझेही हात पिवळे झाले. आणि पाढे म्हटले नाहीत.

खोली मिळायला पुढं दीड वर्ष लागलं. ती आली तेव्हा तिचं पहिलं मागणं होतं ते यंत्र बघायचं. तोवर ते उचलून नेलं होतं. मी तिला रिकाम्या खोलीत नेलं, जमिनीवर फक्त यंत्राच्या पायांचे चौकोन आणि खोलीत ती गार हवा राहिली होती. तिनं चपला बाहेर काढल्या होत्या. आत येऊन चौकोनांजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "लई थंडी हाय हो इथं. तुमी इथं ऱ्हायचे?"

तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता ही गोष्ट सांगितली की मुलगी म्हणते, बाबा, आईला कॉम्प्युटरचा माउस धरायलाही यायचं नाही. खरंय. यायचं नाही.

परवा तो लॅपटॉप सुरू झाला आणि मी त्याच्यासमोर बसून चौदा ओळी म्हणायला घेतल्या. सगळ्या पाठ आहेत. सातवीही. तरी सहावी संपली की मी थांबतो, दाराकडे बघतो. मग पहिल्यापासून म्हणतो, सहावीशी येतो, पुन्हा बघतो.