एका दिवसात दोन दिवसांचं टपाल

टपाल ऑफिसात त्यांना सगळे भिंगरी म्हणायचे, आणि त्या नावावर गडी असा खूश की विचारू नका. एकतीस वर्षं वाटप केलं, पण पिशवीत एक पत्र उरवून कधी परतले नाहीत. चांगलं आहे हो. पण कुठे थांबायचं तेही माणसाला कळावं लागतं, आणि ह्यांना कळलं नाही.

वरून फर्मान आलं की रोज वाटप कशाला, एक दिवसाआड करा, पैसे वाचतील. आता लोक काय पत्रंही एक दिवसाआड लिहिणार होते? सोमवारचं टपाल मंगळवारी दुप्पट होऊन बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण साहेबांना मोजून हवं होतं. दुप्पट थप्पी एका माणसाला एका दिवसात वाटता आली, तर दोन बिटांमागे, म्हणजे वाटपाच्या दोन हद्दींमागे, एक पोस्टमन घरी. भिंगरींच्या शेजारची बीट त्यांच्या जावयाची, तीही कंत्राटावर. घरी कोण जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की मोजणीच्या दिवशी पाय ओढत चालायचं आणि पन्नासेक पत्रं 'दार बंद' असा शेरा मारून परत आणायची. आदल्या दिवशी मुलगी येऊन बसली. सातवा महिना होता तिला.

"बाबा, एकदाच. माझ्यासाठी."

"अगं, मी काय खुळा आहे?" ते म्हणाले.

मोजणीला चाळिशीतला एक कारकून आला. दुपारपर्यंत भिंगरी छान रखडले. एका जिन्यात तर कठडा धरून उभेच राहिले. कारकून बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, "बसा काका. वय झालं की व्हायचंच. तुमच्या जागी दुसरा असता तर उरकलं असतं."

झालं. भिंगरींच्या डोक्यात तिडीक गेली. दोन-दोन पायऱ्या गाळत माणूस जो सुटला, की मागे कारकुनाच्या तोंडाला फेस. पाचला दहा कमी असताना त्यांनी रिकामी पिशवी टेबलावर झटकली.

"लिहा आता, कुणाचं वय झालं ते."

खोलीत जावई पत्रं लावत होता, तो लावतच राहिला.

पैसे वाचले म्हणता? छे. पुढे पार्सलं तुंबली, भाड्याची गाडी लावावी लागली, भिंगरींचे गुडघे गेले. पण ते सगळं नंतर. पहिल्याच आठवड्यात जावयाला घरी बसवलं. कामावरून काढल्याचा लेखी कागद रजिस्टर्ड पत्राने निघाला, आणि त्याची बीट, त्याच्या घरासकट, आता भिंगरींकडे होती.

दार मुलीने उघडलं. जावई काम शोधायला गेला होता.

"तुझ्या नवऱ्याचं आहे," ते तोंडातल्या तोंडात म्हणाले.

"सही कुठे करू?"

त्यांनी रेघ दाखवली. तिने सही केली, पेन परत दिलं. ते तिथेच उभे राहिले, आत ये म्हणेल म्हणून.

"निघा," ती म्हणाली, "पुढची घरं राहतील तुमची."