द्राक्षांचा रस

आमच्या घरात पत्रकं आधी आली, गोष्टींची पुस्तकं नंतर. दारूबंदीची, धरणग्रस्तांची, रोजगार हमीची. सभेतून उरलेली पत्रकं वडील घरी आणत आणि आई त्यांत भाकरी बांधून द्यायची. त्यामुळे महाडच्या बाहेर मैदानात सरकारी खाद्य आणि वाइन महोत्सव भरणार असं कळलं, तेव्हा मी जायचं नाही असंच ठरवलं होतं. गेले ती आत्यासाठी.

आत्याची वाडी कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरावर. तिच्या बचत गटाला महोत्सवात चूल मांडायला बोलावलं होतं. याच बायकांनी आदल्या वर्षी ओढ्यातली हातभट्टी फोडली होती. मग वाडीतल्या प्रत्येक पुरुषाला देवीपुढच्या नारळावर हात ठेवायला लावला : दारू पिणार नाही. जो शब्द मोडेल त्याच्या दारात शिमग्याला पालखी थांबणार नाही, ही अट आत्याने घातलेली. पहिला हात तिच्याच मुलाचा, माझ्या दादाचा. तेव्हा तो हात थरथरत होता. वर्षभरात त्याच हाताने तो पुन्हा कोयता धरायला लागला होता. महोत्सवाच्या दिवशी लाकडं, तवे, पिठाची पोती सगळं डोंगरावरून त्यानेच खाली आणलं.

भाकऱ्यांची पहिली चवड उतरली तसा तो म्हणाला, "चल गो, फिरून येऊ. फुकट चाखवतायत. तुझ्या बापाच्या सभेत तर चहा पण मिळत नाय."

फिरलो. जिथे तिथे कागदी द्रोणात चमचाभर. कोंबडी-वडे, कुळथाची पिठी, वालाचं बिरडं, खाडीतल्या माशांचं कालवण. एका ठिकाणी करांदे, म्हणजे डोंगरातले कंद, उकडून काचेच्या बशीत मांडून वर पुदिन्याचं पान खोचलं होतं. दादा म्हणाला, "ह्याला पाला कशाला? शेळीला बोलावलंय काय?" मी हसले. त्या दिवसातलं माझं हसणं तेवढंच.

कारण डोक्यावर भोंगा सारखा ओरडत होता : "वाइन म्हणजे दारू नव्हे! हा आपल्या शेतकऱ्याच्या द्राक्षांचा रस आहे. अवश्य आस्वाद घ्या!" वाइनचा मांडव नेमका आत्याच्या चुलीला लागून होता. तिथून पेले घेऊन आलेली माणसं तिच्याकडे सुकटीची चटणी मागत. "मावशी, याच्यासोबत काय लागते हो!" आत्या मान वर न करता वाढत होती.

दादा त्या मांडवाकडे बघत थांबला. "तू शिकलेली. हा बोलतो ते खरं?"

"खोटं. दारूच आहे ती."

"मग पोलीस का नाय धरत?"

"पिणारे त्यांचे साहेब आहेत म्हणून."

तो हसला आणि चुलीपाशी जाऊन बसला. मी मात्र तडक व्यासपीठावर गेले. माईकवाल्याला म्हटलं, हे सांगणं बंद करा, इथे दारू सोडलेली माणसं आहेत. तो गोड आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही शेतकऱ्याच्या विरोधात आहात का?" मी म्हटलं, "हातभट्टीचा गूळही शेतकऱ्याच्याच उसाचा असतो. तिथे का धाडी घालता?" लोक जमले. कुणी टाळ्याही वाजवल्या. त्याने मला बोलू दिलं, आणि मी खाली उतरले तसं पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

परत आले तर आत्या उभी होती आणि तव्यावरची भाकरी करपत होती. दादाच्या हातात प्लास्टिकचा इवलासा पेला.

"काय प्यालास?"

"रस, आये. माईकवर सांगतायत ना. चांगल्या घरातली पोरगी देतेय. ती दारू देईल होय?"

आत्याने वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि तवा उतरवला. संध्याकाळपर्यंत तो वाइनच्या रांगेत किती वेळा गेला ते आम्ही दोघींनी पाहिलं. परतीच्या एसटीत तो खिडकीला डोकं टेकून गात होता. आत्या मांडीवरच्या रिकाम्या टोपलीवर हात ठेवून बसली होती.

पुढच्या बाजाराला तो पोलादपूरला गेला आणि रात्र झाल्यावर परतला. तिथल्या देशी दारूच्या दुकानात द्राक्षांचा रस नव्हता.

शिमग्याच्या आधी वाडी देवळात बसली. मी तिथे होते. पुरुष एका सुरात बोलत होते : "महोत्सवात वाइनच प्याला ना? सरकारच बोलतंय ती दारू नाय. मग शब्द मोडला कसा?" असं बोलणाऱ्यांपैकी दोघांच्या तोंडाला तेव्हाच वास येत होता. आत्या एवढंच म्हणाली, "मग आता रोज काय पितोय तो?" तरीही पालखी सगळ्या दारांत थांबवायची असं ठरलं. आपल्या मुलासाठी मिळालेली ती माफी आत्याने ऐकून घेतली आणि ती उठून गेली.

पालखी आली तेव्हा ढोल तिच्या अंगणाच्या तोंडाशी थांबला. दादा आत पडून होता. आत्या उंबऱ्यापर्यंत आली, दुरूनच हात जोडले.

"पुढं न्या रे. अट माझी हाय."

"असं काय करतेस गो, सगळ्यांनी मिळून ठरवलंय!"

"पुढं न्या."

भोई घुटमळले, मग ढोल वाजवत वर गेले. अंगण तिने पहाटेच सारवून ठेवलं होतं. त्यावर एकाही पावलाचा ठसा नव्हता.