बारक्याचा गाइड कॅमेरा

बारक्या फक्त नावाचाच बारक्या. उंची सहा फुटांच्या घरात, दारातून आत येताना मान तुकवायची सवय, आणि हात असे की लिफ्टचा लोखंडी दरवाजा एकटा उचलून भिंतीला टेकवायचा. पण घरातलं शेंडेफळ, म्हणून लहानपणी चिकटलेलं नाव चाळिशीतही सुटलं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची थोरली बहीण हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. तिला घरात आणि कामावर सगळेच ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. ही दोघं आणि आई, असं तिघांचं घर इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर होतं. त्याच्यावर नुसती गच्ची.

बारक्याला आकाशाचे फोटो काढायचं वेड होतं. अंधार पडला की तो दुर्बीण खांद्यावर घेऊन वर जायचा. ढग आले तर घरभर घुश्शात फिरायचा, जणू ढग आईनेच सोडलेत. आई म्हणायची, "याने बायको आणली असती तर तीही बिचारी गच्चीवर स्वेटर घालून कुडकुडत बसली असती."

मग एका हिवाळ्यात तो विझत गेला. काय झालं म्हणून विचारावं तर काहीच झालं नव्हतं. कुणाशी भांडण नाही, अपघात नाही, प्रेमभंग नाही. आधी दुर्बिणीवर चादर पडली. मग कामावर खाडे सुरू झाले, मग कामच सुटलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. ताईने त्याला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या, गोळ्या बदलल्या. तो मुकाट गोळी घ्यायचा आणि मुकाट कुशीवर वळायचा. शेजारणीने सुचवलं, "चांगलं फैलावर घ्या त्याला." ताईने तिला फैलावर घेतलं.

एका रविवारी दुपारी तिघं चहा पीत बसली होती. समोरच्या भिंतीवर बारक्याने पूर्वी काढलेला एक तेजोमेघाचा फोटो होता. बारक्या बराच वेळ तिकडे बघत होता. एकदम म्हणाला, "तारे लांबट आलेत."

ताईचा कप हातातच राहिला. कित्येक दिवसांत तो आपण होऊन असं काही बोलला नव्हता.

"लांबट म्हणजे?"

"तांदळासारखे. गोल पाहिजेत."

"पेशंट हलला की माझंही असंच होतं," ताई म्हणाली. "इथे कोण हललं?"

"माउंट. दुर्बीण ज्याच्यावर बसते ते. आकाश सरकतं तशी मोटर दुर्बीण फिरवते. पण तिचं दातेरी चाक कुठे जरा मागे, कुठे जरा पुढे जातं. गाइड कॅमेरा लावला की थांबतं ते." एवढं बोलून तो दमला आणि आत जाऊन पडला.

पण ताईच्या हाती धागा लागला होता. दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर ती दुर्बिणी विकणाऱ्या दुकानात गेली. दुकानदाराने भला थोरला रंगीत कॅमेरा पुढे ठेवला. यानेच फोटोही निघतील आणि गाइडिंगही होईल, म्हणाला. ताईने घरी येऊन बारक्याच्या पलंगाच्या कडेला बसून ते जसंच्या तसं सांगितलं.

"त्याच्या डोक्यावर आपटायचास तो," बारक्या भिंतीलाच म्हणाला.

"का रे?"

"एका वेळी एकच काम करणार ना तो. आणि रंगीत कशाला? त्याच्या आतल्या प्रत्येक ठिपक्यावर रंगाची काच असते, ती उजेड खाते. गाइड कॅमेऱ्याला फोटो काढायचा नसतो. एक तारा धरायचा आणि तो जरा सरकला की कॉम्प्युटरला सांगायचं. कॉम्प्युटर मोटरला ढकलतो. काळा-पांढराच घ्यायचा. लहान असला तरी चालेल, पण मिणमिणता तारा दिसला पाहिजे त्याला."

पुढचे काही आठवडे ताई रोज संध्याकाळी एक प्रश्न घेऊन त्याच्या खोलीत जाऊ लागली. गार ठेवणारा पंखा असलेला कॅमेरा घ्यावा का? नको, दोन-दोन सेकंदांच्या फोटोला काय करायचाय. कॅमेरा मोठ्या दुर्बिणीच्या नळीतच आरसा घालून बसवतात, तसं करायचं का? नको, ते लांब नळीच्या दुर्बिणींना. आपली नळी आखूड, तिच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण घट्ट आवळली की भागतं. घट्ट म्हणजे किती? हलता कामा नये, एवढं. तो बोलताना कधी कधी उशीवरून मान उचलायचा. एकदा तर उठून बसला आणि तिने समजून घ्यायला कागदावर काढलेल्या चुकीच्या चित्रावर पेनाने रेघ मारली. ताई स्वयंपाकघरात येऊन आईच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या आणि नळ सोडून रडल्या, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

प्रश्न संपत आले तेव्हा ताई आधी विचारलेलेच पुन्हा विचारू लागली. रंगीत घेतला तर काय होईल, असं तिने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा बारक्याने तिच्याकडे सरळ बघितलं.

"ताई, तू मुद्दाम विचारतेस."

तिला खोटं बोलता येईना. "हो."

"विचार," तो म्हणाला. "पण कॅमेरा आण आता."

कॅमेरा आला. अंगठ्याएवढा, फिल्म रोलच्या जुन्या डबीसारखा. पहिल्या निरभ्र संध्याकाळी तिघं गच्चीवर गेली. आईला खुर्ची, अंगावर दोन शाली. बारक्याने दाढी केली होती. त्याने दुर्बीण बसवली, तिच्या पाठीवर छोटी दुर्बीण आवळली, मागे कॅमेरा खोचला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आधी नुसती राखाडी धूळ दिसली. तो छोट्या दुर्बिणीची कडी केसभर फिरवत गेला आणि त्या धुळीतून ठिपके वर आले. त्याने एक तारा निवडला, फार झगझगीतही नाही, फार मंदही नाही. मग माउंटने दुर्बीण हलवून त्या ताऱ्याला पडद्यावर थोडं पश्चिमेला नेलं, परत आणलं, उत्तरेला नेलं, परत आणलं.

"हे काय चाललंय?" आईने विचारलं.

"किती ढकललं की किती सरकतो, ते शिकतंय, आई."

पडद्यावर तारा किती सरकतोय ते दाखवणाऱ्या दोन रेघा धावू लागल्या, एक लाल, एक निळी. त्या सपाट राहायला हव्या होत्या, पण निळी उड्या मारत होती. बारक्या दुर्बिणीभोवती फिरला, हाताने चाचपलं, आणि कॅमेऱ्याची लोंबणारी वायर दोरीने माउंटला बांधून टाकली. निळी रेघ खाली बसली. मग मोठ्या दुर्बिणीला लावलेल्या त्याच्या जुन्या कॅमेऱ्याने, बराच वेळ उजेड साठवत, एक फोटो घेतला. तो उमटेपर्यंत तिघांपैकी कुणी हललं नाही.

तारे गोल होते. टाचणीच्या टोकासारखे गोल. मध्ये तेजोमेघाचा धुरकट पंखा.

"अरे, आले की!" आईने टाळी वाजवली. ताईने बारक्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं.

तो पडद्याकडे बघत होता, एखादं दुसऱ्याच्या घरचं बिल बघावं तसा.

"छान आलाय," तो म्हणाला. मग आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "मला वाटलं होतं, हे झालं की काहीतरी वाटेल. काहीच वाटलं नाही गं, ताई. एवढं सगळं करून काहीच नाही."

"वाटेल रे. आजच तर पहिला दिवस."

"नाही," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याने सगळं नीट आवरलं, टोपणं लावली, आईला हात धरून खाली नेलं आणि जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी उठला नाही. त्यानंतरही फारसा उठला नाही. जेवण कमी कमी होत गेलं.

ताईने हार मानली नाही, निदान तिला तसं वाटत होतं. आपण दुर्बीण लावली तर तो निदान डोकवायला येईल, म्हणून एका संध्याकाळी तिने एकटीने ती वर चढवली. जे जे त्याने केलं ते ते केलं. पण तारा धरला की सुटायचा, पुन्हा धरला की पुन्हा सुटायचा, आणि पडद्यावर लाल अक्षरं यायची. ती खाली आली. या वेळी तिला खरंच माहीत नव्हतं.

"बारक्या, तारा सुटतोय रे. काय चुकतंय?"

तो डोळे उघडे ठेवून पडला होता. ती दारात उभी राहिली. पुन्हा विचारलं. त्याने डोळे मिटून घेतले. तेव्हा मात्र ताईचा धीर सुटला. ती त्याच्यावर ओरडली, आयुष्यात पहिल्यांदा. ऊठ म्हणाली, आमच्यासाठी तरी ऊठ, आई खंगतेय, मी किती पुरी पडू. तो उठला नाही. आई धावत आली आणि तिने ताईचा हात धरून तिला बाहेर ओढलं. दुर्बीण रात्रभर गच्चीवरच राहिली. सकाळी तिच्यावर दव साचलं होतं. ताईने ते पुसलंही नाही.

महिन्याभरात त्याला मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ते गावाबाहेर आहे, बसने तासभर. ताई दर रविवारी जाते. व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकतात. ती आईचं सांगते, कामावरचं सांगते, नव्या मशीनवर एका पेशंटने कशी झोप काढली ते सांगते. तो ऐकतो. हसायच्या जागी हसायचा प्रयत्न करतो, आणि ते बघणं तिला सगळ्यात जड जातं. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत.

गेल्या रविवारी निघताना तिने त्याचे कपाळावर आलेले केस मागे सारले. "येते रे."

"दर वेळी कशाला दगदग करतेस?" तो म्हणाला.

ती बस थांब्यावर येऊन बसली. घरी आई दाराकडे डोळे लावून बसलेली असणार. काही बोलला का, म्हणून विचारणार. काय सांगायचं ते ताईला सुचेना. बस आली, ती चढली नाही. पुढची आली, तीही तिने जाऊ दिली.